कौन्सिलर टीव्हलिन यांचे केस

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत पुरुष पुढाऱ्याने केस कुठपर्यंत वाढवावेत, याचा कायदा कुठेही लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे. केस कानाला टेकले तर माणूस विचारवंत समजला जातो. कॉलरला टेकले तर बायको सोडून गेली असावी, असं लोक धरून चालतात. खांद्याला टेकले की त्याचं राजकारण संपलं. विस्कटलेले चालतात, हल्ली तर ते रोज नीट विस्कटून देण्यासाठी माणूस ठेवतात म्हणे. रंगवलेले चालतात. अजिबात नसले तरी चालतं. लांब मात्र चालत नाहीत. दोन-तीनशे वर्षांपूर्वी हेच लोक पाठीवर रुळणारे, पावडर फासलेले टोप घालून राज्य करत होते आणि ते केस तर त्यांचे स्वतःचेही नव्हते. पण इतिहासाचा दाखला देऊन मतं मिळत नाहीत. मी क्लूनगारीत दारोदार फिरलोय, मला विचारा.

माझे केस खांद्याला टेकले होते. ते कुठल्याही तत्त्वासाठी वाढले नव्हते हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मला बरीच तत्त्वं चिकटवण्यात आली.

मी लॉर्कन टीव्हलिन. क्लूनगारीत माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कौन्सिलवर मी अपक्ष सभासद आहे. गावात केस कापायचं दुकान एकच होतं, स्कॅलन बंधूंचं. थोरला मॅलकी, धाकटा ओनी. दोन खुर्च्या, एक लांबलचक आरसा आणि एक रेडिओ. आमच्या रेडिओवर ठरलेल्या वेळी जिल्ह्यात कोण कोण वारलं ते वाचून दाखवतात. त्या वेळी मॅलकी हातातलं मशीन बंद करायचा आणि दुकानात कोणी खोकायचंही नाही. आमच्याकडे एखाद्याच्या लग्नाला नाही गेलं तर लोक समजून घेतात, पण दफनाला नाही गेलं तर नातवंडंसुद्धा लक्षात ठेवतात. एकदा ओनीचं गिऱ्हाईक घाईत होतं, म्हणून ओनीने मशीन चालूच ठेवलं. त्या घरघरीत एक नाव बुडालं. ते नाव नेमकं त्यांच्या आईच्या मावसभावाचं निघालं. दोघांपैकी कोणीच दफनाला गेलं नाही. त्यावरून जे काही झालं ते सगळ्या रस्त्याने ऐकलं. पुढच्याच आठवड्यात ओनीने आपली खुर्ची उचलली आणि रस्त्यापलीकडे, बरोब्बर समोर, स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलेना.

आता यात माझ्या केसांचा काय संबंध, तर आमच्याकडची मतदानाची रीत. आमचा मतदार एका नावासमोर खूण करून मोकळा होत नाही. तो पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती असे आकडे घालत खाली उतरतो आणि मतदारसंघातल्या अनेक जागांपैकी शेवटची जागा पुष्कळदा कोणाच्या तरी चौथ्या-पाचव्या पसंतीवर लागते. त्यामुळे पुढाऱ्याला शत्रू परवडतच नाही. ज्या घरची पहिली पसंती दुसऱ्याला गेलेली आहे, तिथेही चहा पिऊन निदान पाचवी तरी पदरात पाडून घ्यायची असते. मॅलकीचा गोतावळा स्टेशन रोडवर पसरलेला. ओनीच्या सासुरवाडीने अर्धी टेकडी व्यापलेली. मॅलकीकडे केस कापले तर टेकडी गेली, ओनीकडे कापले तर स्टेशन रोड गेला. आणि मला ती जागा हवी होती. त्यात लाजण्यासारखं काय आहे? कौन्सिलर नसलेला टीव्हलिन म्हणजे नुसता चष्मेवाला, आणि चष्मेवाल्याला बघून कोणी गाडीची काच खाली करत नाही.

म्हणून मी ठरवलं की सध्या थांबावं. भावाभावांचं भांडण आहे, महिन्याभरात मिटेल. तेवढ्यात केस थोडे वाढले तर कोणाचं काय बिघडतंय?

महिन्याभरात मिटलं नाही. केस कानावर आले तसा मी शेजारच्या गावात जाऊन गुपचूप कापून यायचा बेत केला. गाडीची किल्लीही घेतली. दुकानाला कुलूप लावताना काचेवरची पाटी दिसली: ‘गावातली खरेदी गावातच करा – कौन्सिलर लॉर्कन टीव्हलिन’. ती मोहीम माझीच होती. खाली माझा हसरा फोटोही होता. किल्ली परत खिशात टाकली.

मग घरातच प्रयत्न केला. बायकोला म्हटलं, “डर्व्हला, तूच काप ना मागचे थोडेसे.”

“म्हणजे दोघांच्याही पोटावर पाय? छान! त्यावरून एकत्र येतील आणि तुलाच पाडतील.”

“मग मी काय करू?”

“कोणाकडे तरी जा.”

“पण कोणाकडे?”

“अरे, तू दिवसभर लोकांना विचारतोस, हे भिंग बरं की ते बरं. लोक पटकन सांगतात. म्हाताऱ्या बायकासुद्धा सांगतात.”

मी चहा टाकायला उठलो.

माझ्या प्रचाराची सगळी सूत्रं कॉनकॅनन बाईंकडे असतात. बाई गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या मतदारांना त्यांनी पाढे शिकवलेत आणि उरलेल्या अर्ध्यांना कोपऱ्यात उभं केलंय. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, “लॉर्कन, हे काय ध्यान? केस काप.”

“कोणाकडे, बाई?”

बाईंनी बोटांवर रस्ते मोजले. हिशोब त्यांनाही येत होता.

“एक महिना मॅलकीकडे जा, एक महिना ओनीकडे,” त्या शेवटी म्हणाल्या.

“पहिला महिना कोणाचा?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो चष्मा मीच दिलेला आहे, चांगला आहे, त्यातून सगळं दिसतं. पण या प्रश्नाचं उत्तर त्यांना काही दिसलं नाही.

केस कॉलरवर आले तसे गाव सल्ले देऊ लागलं. शेजारच्या मिसेस डनफी एक संध्याकाळ झाकलेलं पातेलं घेऊन आल्या आणि डर्व्हलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, “त्यांना काय झालंय ते नका सांगू हवं तर, पण हे सूप द्या.” फादर क्विलिननी मला चर्चच्या बागेत गाठून सांगितलं की या वयात पुरुषाला कधीकधी श्रद्धेबद्दल शंका येतात, त्यात कमीपणा नाही. पोस्टातला एक जण म्हणाला, “मोटारसायकल कधी घेताय?” बँकेतल्या बाईंनी फक्त सुस्कारा टाकला आणि डर्व्हलाची चौकशी केली. गावात इतकी माणसं माझ्या डोक्याची काळजी घेत होती, पण त्यातल्या एकालाही खरं कारण सुचलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? जो ऐकेल तो एकतर स्टेशन रोडचा, नाहीतर टेकडीचा.

मग आला पोहण्याचा तलाव. गावचा तलाव कित्येक वर्षं बंद होता. आधी बॉयलर गेला. बॉयलरची फाइल राजधानीत, डब्लिनला गेली. डब्लिनहून मंजुरी आली, तोवर छतात वटवाघळांनी घर केलं होतं आणि वटवाघळांना आमच्या देशात भाडेकरूपेक्षा जास्त हक्क आहेत. त्यांच्यासाठी एक तज्ज्ञ आला. तो फक्त उन्हाळ्यात मोजणी करायचा, आणि आमच्याकडे उन्हाळा दरवर्षी येतोच असं नाही. तर त्या बंद तलावासमोर मी गाडी लावायला जागा शोधत उभा असताना साप्ताहिकाच्या बातमीदाराने फोटो काढला. गुरुवारी मथळा आला: ‘तलाव उघडेपर्यंत केस कापणार नाही. टीव्हलिन यांचा निर्धार.’

मी असं काहीही बोललो नव्हतो. मी फक्त “किती दिवस चालणार हे?” एवढंच म्हणालो होतो आणि तेही पार्किंगबद्दल.

“नाकारू नकोस,” कॉनकॅनन बाई म्हणाल्या. “देवाने पाठवलंय. नवस म्हटलं की दोघांपैकी कोणाचाच अपमान होत नाही.”

मला पटलं. लोकांनाही पटलं. रस्त्यात गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, बायका मुलांना बोट दाखवून सांगू लागल्या की हे बघ, तुझ्या पोहण्यासाठी त्या काकांनी काय अवतार करून घेतलाय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावावर एक भूमिका जमा झाली. कौन्सिलच्या सभेत मी बोलायला उठलो की मागून कोणीतरी “केस!” असं म्हणायचं, पण आपुलकीने. मला तर वाटू लागलं की लांब केस मला थोडेफार शोभतात.

आणि मग तलाव उघडला.

असं होईल, हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं. वटवाघळं आपणहून चर्चच्या मनोऱ्यात राहायला गेली, निवडणूक दोन-अडीच महिन्यांवर आली आणि सरकारला फीत कापायला काहीतरी हवं होतं. मंत्री आले, बँड आला, हॅमची सँडविचं आली. फीत कापून झाली आणि गर्दीतून आवाज उठला, “आता केस! आता केस!” मंत्र्यांना गोष्ट समजावून सांगण्यात आली, तेही टाळ्या वाजवू लागले. मी पाहिलं तर पाण्याच्या एका काठाला मॅलकी उभा, रविवारचा कोट घातलेला, वरच्या खिशातून कात्रीची मूठ डोकावतेय. दुसऱ्या काठाला ओनी, हातात घडी केलेला पांढरा कपडा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. दोघंही माझ्याकडे बघत होते.

एखाद्याने सरळ एका काठाने चालायला सुरुवात केली असती. मी जागेवरच उभा राहिलो. बाईंनी मागून माझ्या पाठीत बोट खुपसलं, पण कोणत्या बाजूला ढकलतायत ते काही कळेना. शेवटी मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, “मित्रहो, मोठ्यांचा तलाव झाला. पण लहान मुलांचा छोटा तलाव अजून कोरडा आहे. तो भरेपर्यंत या केसांना कात्री लागणार नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी माझा हात इतका जोरात हलवला की केस तोंडावर आले. ते बाजूला करून पाहिलं, तर मॅलकी कात्री आतल्या खिशात टाकून फाटकाकडे निघाला होता आणि ओनी त्या कपड्याची आणखी एक घडी घालत होता. दोघांचीही पाठ मला दिसत होती. मला वाटलं, वाचलो.

त्यानंतर उमेदवारीचा अर्ज. आमच्या मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापतात. नियम असा की मागची भिंत पांढरी हवी आणि चेहरा व खांदे स्पष्ट दिसायला हवेत. माझे केस पांढरे. पहिल्या फोटोत केस भिंतीत विरघळून गेले आणि नुसता एक चेहरा हवेत तरंगताना दिसला. “असा चालणार नाही,” कारकून म्हणाला, “मतदार घाबरतील.” दुसऱ्या फोटोसाठी केस कानामागे घेतले, तर म्हणाला खांदे दिसत नाहीत, खांद्यावर केस आहेत. तिसऱ्या वेळी केस मागे बांधून गेलो. त्याने बराच वेळ बघून विचारलं, “अर्ज बहिणीचा आहे का?” शेवटी त्यालाही कंटाळा आला. मागच्या निवडणुकीचा फोटो होता का, असं त्याने विचारलं. होता. त्यात केस आखूड होते, कान दिसत होते, चेहऱ्यावर आशा होती. तोच छापायचं ठरलं.

हे एका परीने बरंच झालं, कारण खांबांवर लावायच्या पाट्याही जुन्याच होत्या. आमच्याकडे निवडणूक संपली की प्लॅस्टिकच्या पाट्या उतरवून, धुऊन, गॅरेजमध्ये रचून ठेवतात आणि पाच वर्षांनी परत टांगतात. नव्या छापल्या तर लोक उधळ्या म्हणतात. तर गावच्या प्रत्येक खांबावर आखूड केसांचा तरतरीत टीव्हलिन हसत होता आणि त्याच्याखालून एक खांद्यापर्यंत केस वाढवलेला गृहस्थ पत्रकं वाटत हिंडत होता. ज्या भागात साप्ताहिक कोणी वाचत नाही, तिथे दार उघडणारी माणसं माझ्याकडे बघायची, मग पत्रकाकडे. एका म्हाताऱ्याने मला ठणकावून सांगितलं, “त्या टीव्हलिनला जाऊन सांग, मत हवं असेल तर स्वतः ये म्हणावं. हिप्पी कसले पाठवतो!”

“मीच टीव्हलिन,” मी म्हणालो.

“हो ना! आणि मी पोप!” म्हणून त्याने दार लावलं.

मोजणी जिल्ह्याच्या गावी, शाळेच्या व्यायामशाळेत झाली. मोजणीची टेबलं आत, कठड्याबाहेर सगळा जिल्हा. आमच्याकडे कठड्यावर ओणवून, उलगडणाऱ्या मतपत्रिकांवर नजर ठेवून, कोणत्या पेटीतून कोणाला किती मतं गेली ते टिपून घेणारी जाणकार मंडळी असतात. कोणत्या रस्त्याने कोणाला नाकारलं, ते दुपारच्या जेवणाआधी कळतं. बाई त्यांच्याकडून माहिती काढून आल्या, त्या जरा सावकाशच.

“दलदलीकडच्या वस्त्यांनी भरभरून दिलंय,” त्या म्हणाल्या.

“पण तिकडे तर मी गेलोच नव्हतो.”

“त्यांनी फक्त पाट्या पाहिल्या ना.”

“आणि स्टेशन रोड? टेकडी?”

“सँडविच खा, लॉर्कन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटच्या जागेसाठी दोघं उरलो. मी आणि गेरी टूही. टूही गुरांचा व्यापारी, स्वभावाने गरीब, डोक्यावर एकही केस नाही. मोजणी झाली, फेरमोजणी झाली आणि शंकास्पद म्हणून बाजूला ठेवलेल्या मतपत्रिकांपैकी एकच निकालात काढायची राहिली. ती धरली तर मी एका मताने निवडून येणार होतो. बाद केली तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की पहिल्या पसंतीची मतं जास्त असतील तो जिंकतो, म्हणजे टूही.  चष्मेवाला म्हणून उरलेलं सगळं आयुष्य मला समोर दिसत होतं.

निवडणूक अधिकारी मिस लॅफी यांनी ती मतपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. माझ्या चौकटीत ठळक ‘१’ होता, त्याबद्दल वाद नव्हता. पण मतदाराला माझा आखूड केसांचा फोटो बहुधा खोटा वाटला असावा. त्याने बॉलपेनने मला केस काढले होते. डोक्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी खाली, आणि चौकट संपली तरी तो थांबला नव्हता. आमच्या मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या क्रमाने येतात, टीव्हलिनच्या खाली टूही. माझी डावी बट तशीच उतरत जाऊन टूहीच्या टकलावर विसावली होती.

“ही खूण आमच्या उमेदवाराच्या चौकटीत आली आहे,” टूहीचे वकील हेसियन म्हणाले.

“केस आलेत,” कॉनकॅनन बाई म्हणाल्या. “आकडा आमच्याकडे आहे.”

“मतदाराने मुद्दाम टूहींना केस दिलेत. ही सदिच्छा आहे. सदिच्छेची दखल घ्यायला नको?”

टूही पुढे वाकून त्या कागदाकडे बघत होता. “बरे दिसतात तसे,” तो हळूच म्हणाला.

मिस लॅफींनी हा मुद्दा नोंदवला आणि फेटाळला. मग हेसियननी खरा मुद्दा काढला. “मतदार ओळखू येईल अशी खूण असली तर मतपत्रिका बाद होते. हे केस बघा. ही बट बघा, कशी वळवलीय. साध्या माणसाला हे जमेल का? हे धंद्यातल्या माणसाचं काम आहे. आणि क्लूनगारीत या धंद्यात माणसं दोनच!”

सगळी व्यायामशाळा कठड्याकडे वळली. एका टोकाला मॅलकी होता, दुसऱ्या टोकाला ओनी, मध्ये सगळं गाव.

बाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. “केस वाईट काढलेत म्हण. कोणालाही जमतील असे आहेत म्हण.”

म्हणून मी, क्लूनगारीचा विद्यमान कौन्सिलर, जिल्ह्यातल्या यच्चयावत लोकांसमोर म्हणालो, “फारच वाईट काढलेत. भांडी घासायचा चोथा दिसतोय. चार वर्षांचं पोरसुद्धा असे काढील.”

मिस लॅफींनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. “साम्य मात्र बरंच आहे,” त्या म्हणाल्या. हेसियन हसले. मला वाटलं, गेलं सगळं.

तेवढ्यात मॅलकीचा आवाज आला. “धंद्यातल्या माणसाचं काम? हे? इकडे धरा बघू तो कागद.” मिस लॅफींनी तो लांबूनच त्याच्याकडे वळवला. “अहो, भांग कुठंय यात? आणि याला मागे डावीकडे भोवरा आहे. तिथून केस असे पडतील?”

“आणि कान?” दुसऱ्या टोकावरून ओनी ओरडला. “कान काय कापून ठेवलेत? केस कानावरून येतात, कानातून नाही!”

“तेच म्हणतोय मी,” मॅलकी म्हणाला.

व्यायामशाळा चिडीचूप झाली. हेसियनसुद्धा गप्प झाले, आणि ते तर दुसऱ्या गावचे होते.

ओनी घसा खाकरून म्हणाला, “मेंढ्या कातरणारा असणार कोणीतरी.”

“याच्या हातची मेंढी थंडीने मरेल,” मॅलकी म्हणाला.

“लाजेने मरेल.”

मॅलकी हसला. लोक बाजूला होत गेले आणि ते दोघं बोलता बोलता, माझ्या डोक्याची सालं काढत, कठड्याच्या मधोमध येऊन पोचले. तिथे आल्यावर दोघांच्याही लक्षात आलं की आपण जवळ उभे आहोत. पण आता परत जायचं तरी कुठे, म्हणून तिथेच राहिले.

मिस लॅफींनी जाहीर केलं की या चित्रावरून कोणाचीही ओळख पटत नाही, मत वैध आहे. मी निवडून आलो. रीतीप्रमाणे कार्यकर्त्यांनी मला खांद्यावर उचललं. खालच्या एकाच्या नाकात माझे केस गेले, तो शिंकला आणि मी डाव्या बाजूने खाली आलो. लागलं नाही फारसं.

उठलो तो सरळ चहाच्या टेबलापाशी गेलो, तिथे दोघं स्कॅलन कप घेऊन उभे होते. मनातून मी फार सुखावलो होतो. इतकी वर्षं कोणालाही न दुखावता काढली, शेवटी दोन्ही घरं राखली आणि भाऊही एकत्र आले. मी म्हणालो, “मॅलकी, ओनी, तुमचे उपकार कसे फेडू? आणि तुमच्या घरच्या मतांबद्दलही आभार.”

“कसली मतं?” मॅलकी म्हणाला.

“म्हणजे... पसंती. पाचवी, सहावी, जी असेल ती.”

“आमच्या घरातून तुला एकही नाही. एकाही माणसाची नाही.”

“टेकडीवरूनही नाही,” ओनी म्हणाला. “मीच सांगितलं होतं, त्याला सोडून कोणालाही द्या.”

मी म्हणालो, “पण मी तर तुमच्यापैकी कोणाच्याच विरुद्ध गेलो नाही!”

मॅलकीने कप खाली ठेवला. “लॉर्कन, अर्धं गाव समोर जायचं. मला खिडकीतून दिसायचं. तू गेला असतास तर मी दारात येऊन तुला चार शिव्या हासडल्या असत्या, आणि मत दिलं असतं. तू रोज आमच्या दोन दुकानांच्या मधून, आभाळाकडे बघत चालायचास. माझ्या खुर्चीत बसावं लागू नये म्हणून तू ते असले केस वाढवलेस.”

“त्या दिवशी तलावावर मी धुतलेला कपडा घेऊन आलो होतो,” ओनी म्हणाला. “तू याच्याकडे गेला असतास तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.” मग पुढे म्हणाला, “आणि दोन वर्षं आम्ही बोलत नव्हतो, ते तुला ठाऊक होतं. कौन्सिलर तू. आम्हाला वाटायचं, कोणी नाही तर तू तरी येऊन म्हणशील की पुरे करा आता.”

 वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला केस तोंडावर घ्यावेत असंही क्षणभर मनात आलं. मी विचारलं, “सोमवारी आलो तर कापशील का?”

“कोण?” मॅलकी म्हणाला.

“तुम्ही... म्हणजे दोघांपैकी...”

“ते तू ठरव,” दोघं म्हणाले.

सोमवारी सकाळी मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. दोन्ही दुकानांची दारं उघडी होती. दोघं आपापल्या दारात हाताची घडी घालून उभे होते, आणि कोणीही बोलावत नव्हतं. मागून एक ट्रॅक्टर येऊन थांबला, त्याच्यामागे दुधाची गाडी. “अहो कौन्सिलर,” ट्रॅक्टरवाला ओरडला, “इकडे तरी व्हा, नाहीतर तिकडे तरी व्हा!”

मी ओनीच्या दुकानात शिरलो. पाय आत पडला मात्र, समोरून मॅलकीने माझ्या नावाने एक सणसणीत शिवी हासडली. दुसरी त्याहून मोठी होती. तिसरी माझ्या आजोबांपर्यंत गेली आणि चौथी ऐकायला दुधाची गाडीही थांबून राहिली. ओनीने पांढरा कपडा झटकून माझ्या गळ्यात बांधला आणि आरशात बघून विचारलं, “किती कापू?”

मला फार बरं वाटत होतं. म्हणालो, “कान दिसू देत.”